नोटेवरची सही

बँकेत तीसबत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही कागद हातात आला की तो मजकूर नंतर वाचतो, आधी खालची सही पाहतो. पुण्यात माझे एक स्नेही आहेत, त्यांना जुन्या नोटा जमवण्याचा नाद आहे. त्यांनी एकदा एका पारदर्शक पाकिटात ठेवलेली अमेरिकेची जुनी नोट माझ्यापुढे धरली. मालिका १८८० ची. आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची एकच सही असते. त्या काळच्या अमेरिकन नोटेवर दोन असत, एक खजिनदाराची आणि एक सरकारी कोषागाराच्या रजिस्ट्रारची. सवयीने मी भिंग घेतले. एक सही गिलफिलन या गृहस्थांची होती. दुसरी स्वच्छ, किंचित उजवीकडे कललेली, शाळामास्तराची असावी तशी. बी. के. ब्रूस.

‘‘हा माणूस गुलाम म्हणून जन्मला होता,’’ स्नेही म्हणाले. ‘‘पुढे सिनेटर झाला.’’

एवढ्यावर तो विषय तेव्हा संपला. पण सही डोक्यातून जाईना. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याची सवय असते. मी ब्रूसच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता अशा एका ठिकाणी पोचलो की जिथे माझी स्वतःचीच एक जुनी गोष्ट मला आठवली. ती ओघाने येईलच.

ब्लँच केल्सो ब्रूस याचा जन्म १ मार्च १८४१ चा, व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल गावाजवळचा. आई पॉली गुलाम. बाप बहुधा तिचा मालकच, पेटिस पर्किन्सन नावाचा. मुलाचे नाव ब्रँच ठेवले होते. पुढे त्यानेच ते बदलून ब्लँच केले. मालकाच्या मुलाबरोबर तो वाढला, आणि त्या मुलाला शिकवायला येणाऱ्या मास्तरांकडून हाही अक्षरे शिकला. एकाच घरात, बहुधा एकाच बापाचे दोन मुलगे, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या मालकीचा. कादंबरीत हे लिहिले असते तर संपादकाने समासात प्रश्नचिन्ह काढले असते.

मालकाने बिऱ्हाड हलवले की गुलामही हलत. व्हर्जिनियाहून मिसुरी, तिथून मिसिसिपी, पुन्हा मिसुरी. तिथे ब्रन्सविक गावात त्याला छापखान्यात घातले. खिळे जुळवणे हा त्याचा पहिला धंदा. १८६१ साली यादवी युद्ध पेटले. मालकाचा मुलगा दक्षिणेच्या सैन्यात गेला, आणि हा सीमा ओलांडून कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी पळाला. गुलामगिरीच्या विरोधकांचे ते ठाणे. तिथे त्याने काळ्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. २१ ऑगस्ट १८६३ च्या पहाटे क्वांट्रिल नावाच्या दक्षिणेकडच्या टोळीवाल्याने लॉरेन्सवर धाड घातली आणि दीडशेच्या आसपास पुरुष व मुलगे ठार मारले. ब्रूस वाचला. पुढच्या वर्षी मिसुरीत हॅनिबल येथे त्याने पुन्हा काळ्या मुलांची शाळा काढली. मार्क ट्वेनचे बालपण गेले ते हे गाव. मध्यंतरी त्याने आगबोटीवर हमाली केली, आणि १८६९ साली तो मिसिसिपीत उतरला. खिशात पाऊण डॉलर होता असे सांगितले जाते. थोरांच्या चरित्रांत खिसे नेहमी रिकामेच असतात, तेव्हा ते तपशील सोडून देऊ.

महत्त्वाचे आहे ते साल. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली होती. १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या दुरुस्तीने वंशावरून मताचा हक्क नाकारायला बंदी केली. दक्षिणेत संघराज्याची फौज होती. मिसिसिपीत निम्म्याहून अधिक लोक काळे होते आणि ते मत देऊ लागले होते. हिराम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर १८७० साली तिथूनच गेला, जेमतेम वर्षभरासाठी. अशा वेळी लिहिता-वाचता येणारा, हिशेब कळणारा, गोऱ्यांशी आवाज न चढवता बोलू शकणारा तरुण मागे राहणे शक्य नव्हते. ब्रूस राज्याच्या सिनेटचा सार्जंट-ॲट-आर्म्स झाला. मग बॉलिव्हर परगण्यात करआकारणी अधिकारी, शेरीफ, करवसुली अधिकारी, शिक्षणाधिकारी, शिवाय तिथल्या वर्तमानपत्राचा संपादक. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात मामलेदार, फौजदार आणि शिक्षणाधिकारी एकच माणूस असावा तसे. दरम्यान त्याने नदीकाठची जमीन घेतली, कापूस लावला. तो मळेवाला झाला. त्याच्या मळ्यावर राबणारे मजूर काळेच होते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

तेव्हा सिनेटर लोकांच्या मतांनी नव्हे, राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. फेब्रुवारी १८७४ मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने ब्रूसला निवडले. मार्च १८७५ मध्ये तो शपथेला उभा राहिला, तेव्हाचा प्रसंग अमेरिकेच्या इतिहासात पुनःपुन्हा सांगितला जातो. नव्या सिनेटरला त्याच राज्याच्या ज्येष्ठ सिनेटरने हाताला धरून अध्यक्षांच्या आसनापर्यंत न्यायचे, असा तिथला रिवाज. मिसिसिपीचा ज्येष्ठ सिनेटर होता जेम्स अल्कॉर्न, बडा जमीनदार. यानेच ब्रूसला राजकारणात पहिला हात दिला होता. पण १८७३ च्या गव्हर्नरपदाच्या लढतीत ब्रूस त्याच्या प्रतिस्पर्ध्याबरोबर, ॲडल्बर्ट एम्सबरोबर गेला होता. ब्रूसचे नाव पुकारले गेले आणि अल्कॉर्नने वर्तमानपत्रात डोके खुपसले. ब्रूस एकटाच मधल्या वाटेने निघाला. निम्म्या वाटेत न्यूयॉर्कचा रोस्को कॉंक्लिंग उठला, त्याने ब्रूसचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याला पुढे नेले.

ब्रूसने पुढे आपल्या एकुलत्या एका मुलाचे नाव रोस्को कॉंक्लिंग ब्रूस ठेवले. उपकार फेडण्याच्या काही तऱ्हा आपल्याकडच्यासारख्याच असतात.

पण ज्या विधिमंडळाने त्याला पाठवले, ते त्याच वर्षी हातचे गेले. १८७५ च्या निवडणुकीत मिसिसिपीत काळ्या मतदारांना बंदुकांच्या धाकाने घरी बसवण्यात आले, सभा उधळल्या, माणसे मारली. गव्हर्नर एम्सने फौज मागितली, वॉशिंग्टनने दिली नाही. मार्च १८७६ मध्ये ब्रूस या विषयावर सिनेटमध्ये बोलला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की काळा मतदार भित्रा आहे म्हणून घरी बसला हे खोटे आहे. निःशस्त्र माणसाला सशस्त्र आणि संघटित टोळीसमोर उभे करायचे आणि वर त्याच्या हिमतीचा हिशेब मागायचा, हा न्याय नव्हे. चौकशी समिती नेमली गेली. तिने जाडजूड अहवाल दिला. पुढे काही झाले नाही. १८७७ साली दक्षिणेत काळ्यांची पाठराखण करणारी उरलीसुरली फौजही बाजूला झाली, आणि ब्रूस सिनेटमध्ये अशा राज्याचा प्रतिनिधी म्हणून बसून राहिला, जिथे त्याची फेरनिवड होणे अशक्य होते. मुदतीची चार वर्षे शिल्लक होती. या चार वर्षांत त्याने जे केले त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते भाषण नाही. ते एका बुडालेल्या बँकेची चौकशी आहे.

ही बँक म्हणजे फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक, मुक्त झालेल्या गुलामांची बचत बँक. ३ मार्च १८६५ रोजी लिंकनने तिच्या सनदेवर सही केली. दीड महिन्यात त्याचा खून झाला. कल्पना चांगली होती. काळ्या सैनिकांना पगार मिळू लागला होता, मजुरांना मजुरी मिळू लागली होती, आणि पैसे ठेवायला विश्वासाची जागा नव्हती. पाच सेंटसुद्धा ठेव म्हणून चालत. १७ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा मिळून ३७ शाखा झाल्या. पासबुकावर लिंकनचे चित्र. संसदेची सनद, राष्ट्राध्यक्षाची सही, राजधानीत कोषागाराच्या जवळच भव्य इमारत. ठेवीदाराला वाटे, ही सरकारची बँक. ती सरकारची नव्हती. सरकारने तिची हमी घेतलेली नव्हती. हे कोणी ठेवीदाराला ठासून सांगितले नाही, उलट सांगणारे मात्र बरेच होते.

मूळ सनदेनुसार ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांतच गुंतवायचा होता, कर्जे द्यायची नव्हती. १८७० साली सनद दुरुस्त करून स्थावराच्या तारणावर कर्जाला वाव दिला. माझ्यासारख्याला इथे पुढचे सगळे न वाचताच दिसू लागते. वित्त समितीचा प्रमुख होता हेन्री कुक. त्याचा भाऊ जे कुक म्हणजे त्या काळचा सर्वांत बडा सावकार, रेल्वेच्या रोख्यांत मानेपर्यंत बुडालेला. बँकेचा पैसा कुक बंधूंच्या पेढीकडे आणि त्यांच्या गोतावळ्याकडे वळला. सेनेका सँडस्टोन नावाच्या दगडखाणीच्या कंपनीत हेन्री कुकचे स्वतःचे हितसंबंध होते. तिला कर्ज दिले गेले, आणि तारण काय, तर तिचेच दुसऱ्या गहाणाचे रोखे. आमच्या वेळच्या एखाद्या तपासनिसाने हा एक कागद पाहिला असता तरी शाखाधिकाऱ्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवले असते. निदान असे मला वाटत आले आहे.

१८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुकची पेढी बुडाली आणि देशभर हाहाकार झाला. गंमत पाहा, त्याच १८७३ साली इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. जोतीरावांचे चुकले नव्हते. ज्यांना त्यांनी पुस्तक अर्पण केले तशी माणसे तिकडे खरोखरच होती. पण बेडी तुटल्यावर आठ वर्षांत त्या मुक्त माणसांच्या बचतीवर कोण डल्ला मारत होते, ही बातमी पुण्यापर्यंत पोचणे कठीण होते.

मार्च १८७४ मध्ये विश्वस्तांनी फ्रेडरिक डग्लसला बँकेचा अध्यक्ष केले. काळ्यांचा सर्वांत थोर पुढारी, स्वतः पळून आलेला गुलाम. त्याचे नाव पाहून लोक पैसे काढणार नाहीत, हा हिशेब. डग्लसने पदरचे दहा हजार डॉलर बँकेला दिले, आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्या लक्षात आले की पोकळ वाशांवर आपल्याला आढे म्हणून ठेवले आहे. जूनच्या अखेरीस बँकेचे दरवाजे बंद झाले. ठेवीदार ६१,१४४. देणे सुमारे तीस लाख डॉलर. सरासरी काढली तर माणशी ४९ डॉलर.

आता माझी गोष्ट. १९९६-९७ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमच्या शाखेसमोरच एका पतसंस्थेचा फलक झळकला. आमच्यापेक्षा तीन टक्के व्याज जास्त. बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई आमच्याकडे खाते ठेवून होत्या, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. त्यांची अठरा हजारांची मुदतठेव पिकली. पावती घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या.

‘‘सायब, समोर तीन रुपये जास्त देत्यात म्हनं. तितं ठिऊ का?’’

त्या संस्थेचे खाते आमच्याच शाखेत होते. खात्यावरच्या उलाढाली मला रोज दिसत होत्या. कुणाच्या नावाने मोठाले चेक जात होते तेही दिसत होते. पण खातेदाराची गुप्तता हा आमचा धर्म, आणि संचालक मंडळी तालुक्यातली वजनदार. मी म्हणालो, ‘‘मावशी, पैसा तुमचा. तुम्हीच ठरवा.’’

वाक्य नियमाला धरून होते. कोणत्याही चौकशीत टिकले असते. चार वर्षांनी पतसंस्थेला कुलूप लागले. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा आपल्याकडे ठेवविमा आला, १९६२ पासून. तो बँकांना होता, पतसंस्थांना नाही. मावशींना हा फरक कळायचे कारण नव्हते. त्यांच्या लेखी शिक्का आहे, पासबुक आहे, काचेच्या आड टाय लावलेला मनुष्य आहे, म्हणजे बँक.

म्हणून ब्रूस मला जवळचा वाटतो, आणि माझ्याहून मोठाही. बँक बुडाल्यावर तिचा कारभार तीन आयुक्तांकडे गेला होता. प्रत्येकाला वर्षाला तीन हजार डॉलर पगार, तोही ठेवीदारांच्याच पैशातून. काम रखडत होते. पाच वर्षांत ठेवीदारांना मिळाले होते रुपयामागे तीस पैसे, म्हणजे डॉलरमागे तीस सेंट. १८७९ साली ब्रूसने सिनेटची खास समिती नेमवून घेतली आणि तो तिचा अध्यक्ष झाला. समितीत दक्षिणेचे जुने सेनानीही होते. त्याने कर्जखाती उघडायला लावली, साक्षी घेतल्या, आणि १८८० साली अहवाल दिला. त्यात जबाबदार माणसे नावानिशी होती. तीन आयुक्तांची पदे १८८१ मध्ये रद्द होऊन काम सरकारी चलन नियंत्रकाकडे गेले. बँकेची इमारत सरकारने विकत घेतली, तो पैसा वाटपात आला. १८८३ पर्यंत एकूण वाटप बासष्ट टक्क्यांवर पोचले. उरलेले सरकारने भरून द्यावे यासाठी पुढे पुष्कळ प्रयत्न झाले, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनेही तशी शिफारस केली. संसदेने ते कधीच दिले नाहीत. आणि बासष्ट टक्के हा आकडाही फसवा. पासबुक वॉशिंग्टनला पाठवून मागणी करील त्याला पैसे. हजारो लोकांनी ते पाठवलेच नाही. कुणी गाव सोडले होते, कुणी मेले होते, आणि पुष्कळांनी कागदाचा नाद सोडून दिला होता.

ब्रूसवर त्याच्या हयातीतही टीका होत असे आणि आजही होते. तो फार सबुरीने घेणारा होता. १८७८ मध्ये त्याने क्लीव्हलँडच्या एका सुखवस्तू दंतवैद्याच्या मुलीशी, जोसेफिन विल्सनशी लग्न केले, दोघे युरोप फिरून आले, वॉशिंग्टनच्या घरी मेजवान्या झडू लागल्या. १८७९ साली दक्षिणेतले हजारो काळे मजूर जुलूम असह्य होऊन कॅन्ससकडे निघाले, तेव्हा त्याने त्या स्थलांतराला उत्तेजन दिले नाही. मात्र तिथे पोचलेल्या उपाशी माणसांना मदत पोचावी म्हणून खटपट केली. तो मळेवाला होता, मजूर गेले तर कापूस कोण वेचणार, असे त्याचे टीकाकार म्हणत. तो आरोप मला पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. पण त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसण्याचा मान त्याला मिळाला. गुलाम म्हणून जन्मलेला दुसरा कोणीही त्या खुर्चीत बसलेला नाही. त्या दिवशी चर्चा होती चिनी मजुरांना देशात येण्यापासून रोखणाऱ्या विधेयकाची, आणि ब्रूस त्या विधेयकाच्या विरोधात होता. पुढच्या वर्षी तो मूळच्या इंडियन जमातींच्या बाजूने बोलला. चिनी माणूस किंवा इंडियन माणूस त्याला मत देणार नव्हता. मत देणारे तर घरीच बसवले गेले होते.

मार्च १८८१ मध्ये त्याची मुदत संपली. त्याच्यानंतर पुढचा काळा सिनेटर सभागृहात आला तो मॅसॅच्युसेट्सचा एडवर्ड ब्रूक, १९६७ साली. म्हणजे ८६ वर्षांनी. ब्रूसला राष्ट्राध्यक्ष गारफिल्डने कोषागाराचा रजिस्ट्रार नेमले आणि त्याची सही नोटांवर आली. दक्षिणेतल्या ज्या दुकानात त्याला पुढच्या दाराने आत घेतले नसते, तिथल्या गल्ल्यात त्याच्या सहीची नोट मात्र चालत असणार. १८९७ च्या अखेरीस तो पुन्हा त्याच पदावर आला आणि १७ मार्च १८९८ रोजी वारला. वय ५७.

बँकेचे एक गोष्ट मात्र बुडाली नाही, तिची दप्तरे. ठेवीदाराचे खाते उघडताना जो नमुना-सहीचा कागद भरून घेत, तशी हजारो पाने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अशी पाने मी पाहिली. आपल्या केवायसी फॉर्मचेच ते पणजोबा. नाव, वय, वर्ण, जन्मठिकाण, धंदा, कोणत्या पलटणीत होता. आणि एक रकाना, पूर्वीच्या मालकाचे नाव. मग आई, बाप, भाऊ, बहिणी. लिहिणारा कारकून ओळखीची खूण म्हणून हे विचारत होता, आणि सांगणारा कधी सांगे की बहीण लहानपणी विकली गेली, आता कुठे आहे ठाऊक नाही. ज्यांच्या पणजोबांचे नाव जनगणनेतसुद्धा नीट लिहिलेले नाही, असे अमेरिकन काळे लोक आज आपल्या पूर्वजांचा माग या पानांवरून काढतात. खाली बहुतेकांची सही म्हणजे एक फुली.

मूळ इमारत १८९९ साली पाडली गेली. २०१६ मध्ये त्या जागेवरच्या कोषागाराच्या इमारतीला फ्रीडमन्स बँकेचे नाव देण्यात आले.

पतसंस्था बंद पडल्यावर मावशी एकदा मला भेटायला आल्या होत्या. माझी बदली झाली होती, निरोपाचा चहा चालला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी पासबुक काढले आणि म्हणाल्या, ‘‘सायब, तुमी मोट्या हापिसात चाललाव. हे दाकवा की कुनाला तरी.’’ मी त्याची झेरॉक्स काढून घेतली. दोन ठिकाणी अर्ज केले, उत्तर आले नाही. ती झेरॉक्स अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. शेवटची नोंद व्याजाची. शेजारी गोल शिक्का आणि त्यावर घाईत मारलेली एक सही. मी भिंगातून पुष्कळदा पाहिली आहे. कुणाची ते लागत नाही.